अभ्यासिकेतले जुने संगणक: भंगारात काढायचे की कामाला लावायचे?

प्रश्न थोडक्यात असा. लालबागमधल्या एका मंडळाच्या अभ्यासिकेला एका कार्यालयाने आठ जुने डेस्कटॉप देणगी म्हणून दिलेत. आय५-४५७० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, वर विंडोज १०. दुरुस्तीवाला म्हणतो, "विंडोज १० बंद झालं, ११ यावर चढत नाही, भंगारात काढा नि नवे घ्या." दिवसभर एमपीएससी आणि पोलीस भरतीची मुलं बसणार, संध्याकाळी सातवी ते दहावीची. खजिनदार नव्या मशीनला तयार नाहीत आणि काही पालकांना इंटरनेटच नको आहे. काय करावं?

भंगारात काढू नका. दुरुस्तीवाला थापा मारतोय असं मात्र नाही. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरासाठी दिलेली मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आय५-४५७० मधला ४५७० चा पहिला आकडा पिढी सांगतो: चौथी, २०१३ सालचा माल. सरळ रस्त्याने ११ बसणार नाही. आडवाट आहे, रुफस या प्रोग्रॅमने इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह बनवताना ही तपासणी वगळता येते. त्या वाटेला जाऊ नका. अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीचं मोठं अपडेट बहुधा हातानेच बसवावं लागतं. आठ मशीनची ही हमाली दरवर्षी आठवणीने करणारा माणूस मंडळात नसतो.

मशीन निकामी झालं की नाही हे त्याच्या कामावरून ठरवावं, कंपनीच्या तारखेवरून नाही. टायपिंग, पीडीएफ वाचणं, ऑनलाइन अर्ज, हिशेबाची कोष्टकं, थोडं पायथन, एखादं व्याख्यान बघणं, एवढ्याला चार कोअरचा ३.२ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर पुरून उरतो. घोडं अडतं ते डिस्क आणि रॅमपाशी.

डिस्कचं आधी. फिरत्या हार्ड डिस्कला इकडची-तिकडची फाइल शोधायला दर वेळी आपली सुई हलवावी लागते. सेकंदाला शंभरेक वेळा, फार झालं तर दीडशे. साध्या साटा एसएसडीला (फिरती चकती नसलेली, चिपवर साठवणारी, जुन्याच साटा केबलवर चालणारी डिस्क) तेच काम हजारोंनी जमतं. "मशीन स्लो आहे" या तक्रारीचं मूळ दहापैकी आठ वेळा इथेच सापडतं. प्रत्येक मशीनला २४० किंवा २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी घ्या. स्वस्तात मिळाली म्हणून एनव्हीएमई (थेट बोर्डावरच्या खाचेत बसणारी एसएसडी) घेऊ नका, या काळातल्या बहुतेक बोर्डांवर तिच्यासाठी खाचच नाही आणि अडॅप्टर लावला तरी बायॉस (मशीन सुरू करणारी बोर्डावरची मूळ प्रणाली) तिच्यावरून बूट होत नाही. बसवायला वेगळी पट्टी नसली तरी चालतं. एसएसडीत हलणारं काही नसतं, डीव्हीडी ड्राइव्हच्या जागेत दुहेरी टेपने चिकटवली तरी बिघडत नाही. बायॉसमध्ये साटा मोड 'रेड'वर असेल तर 'एएचसीआय' करून घ्या, नाहीतर पुढे इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही आणि लोक विनाकारण डिस्क बदलून आणतात.

रॅम ८ जीबी करा. चौथ्या पिढीला डीडीआर३ लागते, २४० पिनांची लांब पट्टी; लॅपटॉपची आखूड पट्टी किंवा डीडीआर४ खाचेत बसणारच नाही, जोर लावू नका. ८ ची एक पट्टी की ४ च्या दोन, तर ४ च्या दोन घ्या, जोडीने चालल्या की अंगच्या ग्राफिक्सला फायदा होतो. ही रॅम आता जुन्या मालातच शोधावी लागते. ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. भडकमकर मार्गावर, तीन दुकानांत भाव विचारा. भाव महिन्या-महिन्याला हलतात, म्हणून इथे आकडा देत नाही. जुनी रॅम घेताना बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या आणि घरी आणल्याबरोबर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. एक जरी लाल ओळ आली तरी पट्टी परत. नवी एसएसडी फोडल्यावर एफ३ या प्रोग्रॅमने तिची खरी क्षमता तपासा. लेबलवर २५६ आणि पोटात ३२ असले नग बाजारात फिरतात, पेनड्राइव्हमध्ये तर सर्रास.

सुटे भाग घालण्याआधी एक रविवार साफसफाईला द्या. झाकण काढून ब्लोअर मारा, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर वाऱ्याने तो भलत्या वेगाने फिरतो. बोर्डावरचे कपॅसिटर बघा. डोकं सपाट असेल तर ठीक, फुगलेलं किंवा तपकिरी चिकट ओघळ असलेलं मशीन बाजूला काढा. आठातलं एखाद-दुसरं असं निघेलच, त्याला सुट्या भागांचा दाता करायचं. बोर्डावरचा सीआर२०३२ हा चपटा सेल मल्टिमीटरवर २.७ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर बदला. सेल संपला की तारीख मागे जाते, तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक साइटवर सुरक्षेचा इशारा देतो, आणि मुलं इंटरनेट बंद आहे म्हणून ओरडतात. रॅमच्या सोनेरी दातांवर मुंबईच्या दमट हवेत काळपट थर चढतो. मशीन बीप देतं पण पडदा काळा, हे त्याचं लक्षण. पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, कण झटका, शक्य असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. प्रोसेसरवरचा कूलर काढलाच तर जुनी पेस्ट पुसून नवी लावावीच लागते, मटारच्या दाण्याएवढी, त्याहून जास्त नाही. नंतर ताण देऊन तापमान बघा, ८५ अंशांच्या वर जात असेल तर कूलरची एखादी पिन नीट बसलेली नाही.

एसएमपीएस, म्हणजे आतली वीज पुरवणारी पेटी, गेला तर घाई करू नका. कार्यालयीन डेल आणि एचपी मशीनमध्ये बोर्डाला जाणारा जोड बऱ्याचदा कंपनीचा स्वतःचा, सहा किंवा आठ पिनांचा असतो. बाजारातला २४ पिनांचा एसएमपीएस त्यात बसत नाही. मॉडेल नंबर घेऊनच दुकानात जा.

आणि जागेचं. चाळीतल्या किंवा जुन्या इमारतीतल्या खोलीत अर्थिंग आहे का ते आधी तपासा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटरवर दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त येत असेल, किंवा कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर परवानाधारक वायरमनला बोलवा. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, मुलांची खोली आहे. आठ मशीन मॉनिटरसकट धरली तर प्रत्येकी ८० वॉटने ६४० वॉट होतात. रोज सहा तास, महिन्याचे २५ दिवस म्हणजे ९६ युनिट. बेस्टचं मीटर कुठल्या वर्गवारीत आहे ते बिलावर बघून ठेवा, खजिनदारांचा पुढचा प्रश्न तोच असणार. यूपीएस आठही मशीनला घेण्यात अर्थ नाही. इथे वीज फारशी जात नाही आणि यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, मग तो नुसता जड एक्स्टेंशन बोर्ड उरतो. मुख्य मशीन (ज्यावर सगळ्यांच्या सामायिक फायली ठेवायच्या ते) आणि राउटर यांना एक ६०० व्हीएचा पुरे. हिंदमाता-परळ पट्ट्यात पाणी तुंबणं नवं नाही, तेव्हा तळमजला असेल तर कॅबिनेट टेबलावर आणि प्लगपॉइंट टेबलाच्या उंचीवर. पावसाळ्यात सुटी असली तरी दिवसाआड अर्धा तास मशीन चालू ठेवा, आतली ओल निघून जाते. वर प्लॅस्टिक घालू नका. कापड घाला, तेही मशीन गार झाल्यावर.

आता देणगीतल्या त्या हार्ड डिस्क. दुसऱ्या कार्यालयाच्या फायली त्यात असू शकतात आणि त्या आता तुमच्या ताब्यात आहेत, ही जबाबदारी समजा. क्विक फॉरमॅटने काहीच पुसलं जात नाही, फक्त अनुक्रमणिका जाते. एनवाइप या प्रोग्रॅमने पूर्ण डिस्कवर एकदा शून्य लिहा. सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने ५०० जीबीला सुमारे ८५ मिनिटं लागतात, चहाच्या वेळात होणारं काम नव्हे. पुसून झाल्यावर डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या जीस्मार्टकंट्रोलमध्ये क्रमांक ५, १९७ आणि १९८ या नोंदी बघा: बदललेली, संशयित आणि वाचता न येणारी सेक्टरं. तिन्ही शून्य असतील तर डिस्क सामायिक साठ्याला वापरता येईल. १९७ किंवा १९८ वाढत असेल तर तिच्यावर एकही फाइल ठेवू नका. नुसता १९९ वाढत असेल तर दोष डिस्कचा नसून साटा केबलचा असतो, केबल बदला.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणून विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स मिंट, त्याची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. २२ मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत. दुसरे पर्याय नाहीत असं नाही, पण विंडोजवर हात बसलेल्याला मिंटमध्ये फार शोधावं लागत नाही आणि अडलं तर मदत चटकन सापडते. हलक्यात हलकं शोधण्याच्या नादात लिनक्सच्या अनोळखी आवृत्त्या बसवू नका. ८ जीबी आणि एसएसडीवर मिंट आरामात चालतं, आणि मशीनचा खरा भार ब्राउझर उचलतो, जो सगळीकडे सारखाच जड. मिंटची आयएसओ फाइल उतरवल्यावर तिची शा-२५६ बेरीज (फाइल अस्सल आणि पूर्ण आहे हे सांगणारा लांब आकडा) साइटवरच्या आकड्याशी ताडून पाहा, मगच ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरून सुरू करायची कळ डेल-लेनोवोवर बहुतेक एफ१२, एचपीवर एफ९.

आठ मशीनवर आठ वेळा बसवत बसू नका. एक मशीन मनासारखं तयार करा, क्लोनझिला या प्रोग्रॅमने त्याच्या डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा काढा आणि बाकीच्यांवर उतरवा. इथे एक खड्डा आहे. मूळ मशीनमध्ये २५६ जीबीची एसएसडी आणि उरलेल्यांत २४० ची असेल तर क्लोनझिला मध्येच नकार देतो, कारण लक्ष्य डिस्क लहान पडते. म्हणून मूळ मशीन सगळ्यांत लहान डिस्कवर तयार करा. उतरवून झाल्यावर प्रत्येकाचं नाव बदला आणि मशीन-आयडी नवा बनवून घ्या, नाहीतर दोन मशीन एकच समजली जाऊन जाळ्यात गोंधळ व्हायची शक्यता राहते.

यापुढची गोष्ट या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तीच बहुतेक ठिकाणी राहून जाते. सार्वजनिक संगणकाचं 'डाउनलोड्स' फोल्डर उघडून बघा. आधार कार्डाच्या पीडीएफ, जातीचे दाखले, नॉन-क्रीमीलेअर, दहावीची गुणपत्रिका, सहीचा स्कॅन, कुणाचं तरी प्रवेशपत्र. ई-आधारच्या फाइलला पासवर्ड असतो खरा, पण तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. शेजारी पडलेल्या कागदपत्रांत दोन्ही सापडतं. ब्राउझरमध्ये कुणाचं तरी जीमेल उघडंच राहिलेलं, आणि ज्याचं जीमेल उघडं त्याच्या बहुतेक खात्यांचा पासवर्ड नव्याने घेता येतो. नवख्या भुरट्याला याहून जास्त काही लागत नाही.

यावर उपाय सूचनाफलक नव्हे. मिंटच्या लॉगिन विंडो सेटिंगमध्ये पाहुणा सत्राची सोय आहे, मुळात बंद असते, ती सुरू करा. विद्यार्थी पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून बसतो, उठताना लॉगआउट करतो आणि त्या सत्रातलं सगळं पुसलं जातं: फायली, कुकीज, उघडी खाती. मशीन पुन्हा कोरं. मुलाला कुठल्याही कंपनीचं खातं काढायला लागत नाही, हा दुसरा फायदा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक धरलाय आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती घ्यायला सांगितलंय. मंडळाने मुलांची माहिती गोळाच केली नाही तर ती सांभाळायचा प्रश्नही येत नाही. तोटा एकच: पेनड्राइव्हवर न घेतलेलं कामही जातं. पहिल्या आठवड्यात दोघा-तिघांचा अर्धवट निबंध जाईल, आरडाओरडा होईल. पाहुणा सत्र बंद करू नका. पेनड्राइव्ह नसलेल्यांसाठी मुख्य मशीनवर सामायिक फोल्डर ठेवा, पण ते सगळ्यांना दिसतं आणि रविवारी रिकामं होतं हे त्याच्या नावातच लिहा: 'सर्वांना दिसेल-रविवारी पुसणार'. आणि आधारची प्रत कुठे द्यायचीच असेल तर पहिले आठ अंक झाकलेली मास्क्ड प्रत उतरवायला शिकवा.

प्रशासकाचा पासवर्ड दोघांकडे, आणि एका बंद पाकिटात कपाटात. कार्यकारिणी बदलते, मुलगा नोकरीला लागून डोंबिवलीच्या पुढे राहायला जातो, आणि मंडळाच्या राउटरचा पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. मिंटमधल्या टाइमशिफ्टने महिन्याला सिस्टीमची एक प्रत घ्यायची सवय लावा, बिघडलेलं अपडेट दहा मिनिटांत मागे घेता येतं.

मराठीचं. मेन्यू इंग्रजीतच राहू द्या, परीक्षा केंद्रावर ते तसेच दिसणार. लिहायला मात्र युनिकोड आणि इन्स्क्रिप्ट कळफलक. फोनवर रोमन अक्षरांतून मराठी उमटवण्याची सवय झालेल्यांना पहिले आठ दिवस जड जातात, पण मांडणी सरळ आहे: डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. रोज अर्धा तास धरला तर महिना-दीड महिन्यात न बघता लिहिता येतं. 'दऱ्या' लिहिताना लोक अडतात. इंग्रजी जे च्या कळीवर र आहे; शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ऱ येतो, मग डी वर पायमोडका, मग य. साधा र घेतलात तर 'दर्या' होतो, डोंगर सोडून समुद्रात. लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट लागतात. तिथे कळफलक कोणता, रेमिंग्टन की इन्स्क्रिप्ट, हे त्या परीक्षेच्या माहितीपत्रकात आधी बघा आणि त्याच मांडणीवर सराव करा. दोन्हीकडे हात मारला की दोन्ही अर्धवट राहतात. फॉन्ट म्हणून नोटो देवनागरी किंवा मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा मुक्त फॉन्ट 'मुक्त' घाला. मंडळाची जुनी पत्रं श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतील तर ती इथे इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतील. फाइल बिघडलेली नसते, फॉन्ट परिवर्तकातून एकदा युनिकोड करून घ्यावी लागते. जोडाक्षरं आणि रफार मात्र डोळ्यांखालून घाला, परिवर्तक तिथेच घसरतो.

लिबरऑफिस पुरतं का? पत्र, कोष्टक, सादरीकरण, हो. एमएस-सीआयटी करणाऱ्याला मात्र वर्ड-एक्सेलच्या नेमक्या पडद्यांचा सराव लागतो, तो त्याच्या केंद्रावर करावा. टॅलीसारखं काही लागणार असेल तर नववं मशीन विंडोज ११ चं घ्या, नवंच घ्या. एका मशीनसाठी आठही त्यात ओढू नका.

इंटरनेट नको म्हणणाऱ्या पालकांचं अर्धं म्हणणं मला पटतं. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा घरात संगणक आधी यायचा आणि इंटरनेट मागाहून. आता मूल इंटरनेटवर आधी पोचतं आणि संगणकाशी त्याची गाठ पडतच नाही. दहावीतल्या मुलाला तासभर रील बघता येतात, पण उतरवलेली फाइल कुठल्या फोल्डरमध्ये गेली हे सांगता येत नाही, आणि फोटो ५० केबीच्या आत बसवायचा म्हटलं की तो दुकानात पैसे मोजून येतो. अर्ज भरून देणाऱ्या दुकानांचा धंदा याच अज्ञानावर चालतो. गिम्पमध्ये फोटो उघडून रुंदी कमी करायची, निर्यात करताना गुणवत्तेचा काटा खाली आणायचा आणि फाइलचा आकार बघत थांबायचं. वीस मिनिटांत शिकवून होतं. फोन हे शिकवत नाही. फोनची रचनाच मुळी फाइल लपवण्याची आहे.

म्हणून सुचवेन की संध्याकाळच्या शाळकरी वेळेत बाहेरचं इंटरनेट बंद आणि आतलं जाळं चालू. मुख्य मशीनवर किविक्स सर्व्हर (विकिपीडिया इंटरनेटशिवाय दाखवणारा प्रोग्रॅम) चालवा आणि त्यावर मराठी विकिपीडियाची उतरवलेली प्रत ठेवा. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ त्यांच्या साइटवर फुकट मिळतात, इयत्तावार फोल्डर करून ठेवा. आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिकाही. हे सगळं आठही मशीनवर ब्राउझरमधूनच उघडतं, महिन्यातून एकदा ताजं केलं की झालं. दिवसा स्पर्धा परीक्षेवाल्यांना इंटरनेट लागणारच, अर्ज आणि निकाल तिथेच असतात.

जोडणी वायरने करा. आठ मशीन वायफायवर टाकली तर लालबागसारख्या दाट वस्तीत २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्या पन्नास राउटरशी मारामारी होते. कॅट-६ केबल आणि गिगाबिट स्विच, पण आठ पोर्टचा घेऊ नका. आठ मशीन आणि राउटरची एक वायर मिळून नऊ होतात. १६ पोर्टचा घ्या. वायफायचा पासवर्ड मुलांना देऊ नका. एकदा दिला की अभ्यासिकेचं फोन चार्ज करायचं ठिकाण होतं. राउटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) म्हणून क्लाउडफ्लेअरचा कुटुंबांसाठीचा १.१.१.३ आणि जोडीला १.०.०.३ घाला, अश्लील आणि घातक साइट बऱ्याच अंशी अडतात. फायरफॉक्समधलं त्याचं स्वतःचं सुरक्षित डीएनएस बंद करायला विसरू नका, ते चालू राहिलं तर राउटरची चाळणी चुकवून जातं. एवढं करूनही वाट काढणारा काढतोच. पडदे भिंतीकडे न ठेवता खोलीकडे तोंड करून मांडले तर निम्मं काम विनाखर्च होतं.

ब्रॉडबँड कुणाच्या नावावर घेताय ते नीट ठरवा. त्या जोडणीवरून कुणी फसवणुकीचा मेसेज पाठवला तर पोलिसांची विचारणा बिलावरच्या नावाकडे येते. जोडणी मंडळाच्या नोंदणीकृत नावावर घ्या, आणि दारात वही ठेवा: नाव, मशीन क्रमांक, आत-बाहेरची वेळ. सायबर कॅफेंसाठीच्या २०११ च्या नियमांत नोंदी वर्षभर ठेवायला सांगितलंय. मंडळ काही धंदा करत नाही, तरी वर्षभराची वही जपायला काही पडत नाही. १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. पैसे गेल्यावर पहिल्या तासाभरात फोन झाला तर रक्कम मध्येच गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

चॅटबॉटबद्दलही विचारणा होईल. ही मशीन तसलं काही स्वतःच्या पोटात चालवण्याच्या लायकीची नाहीत, ब्राउझरमधून वापरतील ते वापरतील. बंदी घालून उपयोग नाही. चालू घडामोडींवर तो ठणठणीत आत्मविश्वासाने खोटं नाव किंवा चुकीचं साल देतो, म्हणून एकच नियम घाला: त्याच्याकडून आलेलं उत्तर मूळ शासन निर्णयात किंवा पुस्तकात सापडलं तरच वहीत उतरवायचं.

देखभालीला आठवड्याचे दोन तास आणि एका खोक्यात सुटे भाग: दोन माउस, एक कळफलक, चार सीआर२०३२, तयार प्रतिमा चढवलेली एक एसएसडी, दात्या मशीनमधला एसएमपीएस. सगळ्यांत आधी माउस मरतात. प्रिंटर घेतलात तर कृष्णधवल लेझर घ्या, शाईचा मुंबईच्या पावसाळ्यात न वापरता राहिला की तोंड बुजतं.

जे खरोखर मेलंय ते भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या ई-कचरा नियमांखाली नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण करणाऱ्यांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते. त्यांनाच द्या, पावती घ्या. पुसता न आलेल्या हार्ड डिस्कला आधी ड्रिलने आरपार दोन भोकं पाडा. आणि यापुढे कुणी मशीन देऊ केली तर होकार देण्याआधी प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक आणि मशीनचं मॉडेल व्हॉट्सअॅपवर मागवा. सहाव्या पिढीच्या खालचं आणखी घेऊ नका, आठवी किंवा पुढची असेल तर टेम्पोचं भाडं मंडळाने भरून लगेच घेऊन या.